पहिली पाळी शेवटच्या शेताची

सोमलता अक्कांची बॅग मी जिन्यातून वर नेली, तिथून आमची ओळख सुरू झाली. टोकियोजवळच्या ग्योतोकुमधली आमची इमारत जुनी, तीन मजल्यांची, लिफ्टचं नाव नाही. बॅग अशी, की दुसऱ्या मजल्यावरच माझ्या कमरेनं हात टेकले. "आत आहे तरी काय?" मी धापा टाकत विचारलं. बाईंनी तिथंच जिन्यात बॅग उघडून दाखवली. तीन स्वेटर, पुस्तकांची चळत, आणि लोखंडी पात्याची एक भलीमोठी खवणी. कोलंबोच्या विमानतळावर तिच्यावरून बरीच हुज्जत झाली होती म्हणे. "नारळ जपानमध्ये मिळतो असं कळलं होतं," त्या म्हणाल्या, "खवणीबद्दल कुणीच खात्रीनं सांगेना."

माझी बायको अनुजा मूळची रत्नागिरीची. तिनं खवणी पाहिली आणि मला न विचारता बाईंना जेवायलाच बोलावून टाकलं. पुण्याला माझ्या आईला फोनवर सांगितलं, की वरच्या मजल्यावर श्रीलंकेची एक बाई राहायला आलीय, तर ती म्हणाली, "लंकेची? जपून हो रे बाबा." त्यानंतर कित्येक दिवस आई फोनवर आधी "लंका काय म्हणते?" असं विचारायची आणि मग नातीची चौकशी करायची.

अक्का त्यांच्या देशाच्या सिंचन खात्यात अभियंता होत्या. टोकियोच्या एका विद्यापीठात दोन वर्षं शिकायला सरकारनं त्यांना पाठवलं होतं. वय पन्नाशी ओलांडलेलं, अंगकाठी ठेंगणी आणि काटक, केसांचा घट्ट अंबाडा. एरवी पॅण्ट आणि विंडचीटर, पौर्णिमेला मात्र पांढरीशुभ्र साडी, उपास, आणि दिवसभर कमी बोलणं. हे शेवटचं त्यांना फार जड जायचं. आम्ही आपसांत इंग्रजीतच बोलायचो, पण हाक मारताना इंग्रजी टिकलं नाही. सिंहलीत थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, आमच्याकडेही म्हणतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच त्या आमच्या अक्का झाल्या आणि मी त्यांचा मल्ली, म्हणजे धाकटा भाऊ. धाकट्या भावाला उठसूट रागावायचा हक्कही त्यांनी त्याच आठवड्यात घेऊन टाकला.

अक्कांना रस्त्यानं वर बघत चालताना मी कधी पाहिलं नाही. त्यांची नजर गटारांवर, झाकणांवर, कालव्यांच्या दारांवर. कुठंही गेल्या की पहिला प्रश्न ठरलेला: इथं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं? हॉटेलात विचारायच्या, देवळात विचारायच्या, एकदा तर आमच्या मुलीच्या, रेवाच्या शाळेत मुख्याध्यापकांना विचारलं. ते बिचारे आधी गोंधळले आणि मग स्वतः शाळेच्या मागे जाऊन बघून आले. चेरी फुलली तेव्हा आम्ही भारतीय मंडळी डबे घेऊन नदीकाठी बसलो होतो. सगळ्यांचे फोन वर फुलांकडे, आणि अक्का बंधाऱ्याच्या दारावर काम करणाऱ्या माणसाशी खाणाखुणांनी गप्पा मारतायत. त्यांना जपानी येईना, त्याला इंग्रजी. दीड तासानं परतल्या त्या दाराच्या चाकाचे किती आटे फिरवले की किती पाणी सुटतं, हे वहीत लिहूनच. फुलांचा एक फोटो नाही.

"तुझं नाशिक-धुळ्याकडचं फडाचं पाणी पाहिलंयस?" त्यांनी मला एकदा विचारलं. मी म्हटलं, फड तमाशाचा असतो. त्यावर त्यांनी मला, एका पुणेकराला, गावकऱ्यांनीच बंधारा राखायचा आणि पाणी वाटून घ्यायचं ही महाराष्ट्रातली शेकडो वर्षांची रीत साग्रसंगीत समजावून सांगितली. अनुजा हसून हसून लाल झाली. मी विषय बदलायचा प्रयत्न केला, पण अक्का विषय बदलू देणाऱ्यांतल्या नव्हत्याच.

देशाबद्दल बोलताना त्या कधी गळा काढायच्या नाहीत, छातीही फुगवायच्या नाहीत. त्यांच्याकडचं सिंहली आणि तमिळांमधलं लांबलेलं युद्ध संपून काही वर्षं झाली होती. नवे रस्ते होत होते, 'एक देश, एक जनता' अशा घोषणांच्या कमानी उभ्या राहत होत्या. अक्कांना कमानींचा राग. "एकी झाली, सुधारणा झाली, हे धरणावर उभं राहून कळत नाही मल्ली," त्या म्हणायच्या. "पाटाच्या शेवटच्या शेतात जायचं आणि चिखलात पाय घालायचा. पाय ओला झाला तर झाली." दुसरं त्यांचं ठाम मत असं, की सुधारणा सुटी सुटी करता येत नाही. पाणी एका खात्यानं द्यायचं, शाळा दुसऱ्यानं, दवाखाना तिसऱ्यानं, आणि गाव मात्र एकमेकांशी बोलत नाही, तर तिन्ही वाया. हे बोलताना त्या टेबलावर बोट आपटायच्या आणि चहा सांडायचा. तो पुसायलाही त्या स्वतःच धावायच्या.

आता जी गोष्ट सांगायची आहे तिच्यात पहिली चूक आमची. अक्कांच्याच विद्यापीठात कुमारन नावाचा एक तमिळ मुलगा डॉक्टरेट करत होता. मुलगा म्हणजे बत्तीस वर्षांचा, त्यांच्याच देशाच्या कृषी खात्यातला अधिकारी. तो मला तोझाई लाईनच्या गाडीत भेटला, बोलणं झालं आणि मी घरी येऊन अनुजाला सांगितलं. तिनं लगेच ठरवलं: दोघंही लंकेचे, एकाच कॉलेजातले, परदेशात आपलं माणूस भेटलं की किती बरं वाटतं, रविवारी दोघांना एकत्र बोलवू. पुण्यामुंबईची चार माणसं जमवून मिसळ करायची आम्हाला सवय. तीच पट्टी आम्ही त्यांना लावली.

रविवारी दुपारी कुमारन आधी आला, मागून अक्का. दोघंही दारात थबकले. मग "गुड आफ्टरनून, मॅडम" आणि "गुड आफ्टरनून, मिस्टर कुमारन" झालं, आणि आमच्या बारक्या खोलीत एकदम वकिलातीत बसल्यासारखं वाटू लागलं. अनुजा मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "अरे, हे एकमेकांना पाण्यात बघतात! तुला कळलं नाही?" मी म्हटलं, "तुलाच हौस होती." भात आटत आला तरी आमचं आत कुजबुजत भांडण चालूच होतं.

बाहेर आलो तोवर दोघांची गाडी कामावर घसरली होती. तेव्हा आम्हाला कळलं की दोघं एकाच तळ्याच्या पाण्यावरचे. उत्तरेच्या कोरड्या भागात एक जुनं मोठं तळं, त्यातून निघणारा एक पाट. पाटाच्या वरच्या अंगाला अक्कांचं सिंहली गाव, खालच्या अंगाला कुमारनचं तमिळ गाव. पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही गावं एका पाटावर जगली. मग युद्ध आलं. खालचं गाव उठून गेलं, युद्ध संपल्यावर परत आलं, आणि आल्यावर पाहतं तर पाणी वरच संपतंय. आता तळं दुरुस्त होणार होतं. खात्याच्या वरिष्ठांनी सोपा तोडगा काढला होता: मध्ये भिंत घाला, दोन गावांना दोन पाट करा, कटकट नको. कागद सहीला तयार होता. अक्कांनी एवढंच मिळवलं होतं, की पुढच्या हंगामाच्या आधी दोन्ही गावांनी मिळून पाण्याचं एक वेळापत्रक मान्य केलं तर भिंत रद्द. आणि खालचं गाव ऐकणार ते एकट्या कुमारनचं, कारण तो त्या गावातला पहिला पदवीधर.

"मला दोन पाट चालतील, मॅडम," कुमारन शांतपणे म्हणाला. "कागदावर समान वाटणी नेहमीच असते. पाणी वरच्या अंगालाच थांबतं. माझे वडील वरच्या गावाकडे पाठ करून जेवायला बसतात. वेळापत्रक ठरवणाऱ्या तुमच्या समितीत त्यांनी कुणाशेजारी बसायचं?"

मी अक्कांना गप्प बसलेलं पौर्णिमा सोडून पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी कुमारन उठला, कोपऱ्यातली खवणी पाहून थांबला (अक्कांनी ती अनुजाला वापरायला आणून दिली होती), आणि म्हणाला, आमच्याकडे अशीच आहे. मग बाही वर करून त्यानं खवणीवर बसून अर्धा नारळ खवून दिला. एवढं झालं आणि तो गेला. भिंत टळणार नव्हती, एवढं आम्हालाही कळलं.

दुसरी चूक सर्वस्वी माझी, आणि तिचा मला आजही संकोच वाटतो. जपानमध्ये शेजारमंडळाची एक फिरती फळी असते, तिला कायरानबान म्हणतात. फळीला चाप, चापात सूचनांचे कागद: कचऱ्याचे वार, भूकंपाची कवायत, कुणाचं मांजर हरवलंय. वाचायचं, आपला शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी नेऊन द्यायची. पुढचं घर कुठलं ते फळीवरच लिहिलेलं असतं. त्या महिन्यात आमच्या मजल्याची जबाबदारी माझ्याकडे होती. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. हातानं फळी फिरवायची म्हणजे मला अश्मयुग वाटलं. मी कागदांचे फोटो काढले, इमारतीतल्या भारतीय कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले, जपानी शेजाऱ्यांना ईमेल केली आणि फळी सरळ मंडळाच्या प्रमुखांच्या दाराला अडकवून मोकळा झालो. पाच मिनिटांत काम फत्ते. संध्याकाळी मी हे अक्कांना मोठ्या ऐटीत सांगितलं. वाटलं, सुधारणेची भोक्ती बाई, पाठ थोपटेल.

अक्का म्हणाल्या, "यादीत शेवटचं नाव कुणाचं होतं?"

शेवटचं नाव तळमजल्यावरच्या हायाशी-सान यांचं. वय ऐंशीच्या पुढे, एकट्या, फोन जुना, ईमेल नाही. अक्कांनी मला हाताला धरून खाली नेलं. हायाशी-साननी दार उघडलं. घर आवरलेलं, टेबलावर शिक्क्याची छोटी डबी आणि दोन कप उपडे ठेवलेले. मी माफी मागायला तोंड उघडायच्या आत हायाशी-सानच कमरेत वाकून म्हणाल्या, "या वेळी फळी आली नाही. माझं काही चुकलं का?" महिन्यातून दोनदा तेवढंच कुणीतरी त्यांच्या दाराशी यायचं. तोंडात मारल्यासारखं झालं मला. जपानीत माफी मागायचे सतरा प्रकार आहेत, त्यांतला एकही आठवेना.

हायाशी-साननी आम्हाला बसवलं, चहा दिला. अक्कांनी माझ्यामार्फत आपला ठरलेला प्रश्न विचारला: इथं पाणी कुठून येतं? म्हातारीनं उत्तर दिलं ते भूकंपाचं. मोठ्या भूकंपाच्या वेळी त्या समुद्राच्या बाजूला, भरावाच्या जमिनीवर राहायच्या. जमिनीतून चिखल उसळला, नळ फुटले, पाणी टँकरनं यायचं. टँकर कुठं, कधी येणार ते फळीवर लिहून फिरायचं. "त्या दिवसांत आमच्या प्रमुखांनी फळी उलटी फिरवली," हायाशी-सान सांगत होत्या. "शेवटचं घर पहिलं. शेवटच्या घराला कायम उरलेलं मिळतं, म्हणून आधी आम्ही. आमचं झालं की मी स्वतः फळी घेऊन शेजारी जायची, सांगायला, की मला मिळालं, आता तुमची पाळी."

मी भाषांतर करत होतो. अक्कांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "परत सांगायला सांग." त्यांनी तीनदा सांगायला लावलं. मग वही काढली, मग वही मिटली, आणि डोळे पुसून हसायला लागल्या. मला वाटलं, म्हातारीच्या एकटेपणानं हेलावल्या असतील. जिन्यात म्हणाल्या, "मल्ली, चार वर्षं मी नकाशे काढले. उत्तर तळमजल्यावर बसलं होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुमारनला स्वतःहून बोलावलं, आमच्याकडेच. त्यांची योजना ऐकायला आम्हीही बसलो. पाट एकच राहील. एक पाळी खालच्या गावाची, एक वरच्या गावाची, आणि सुरुवात अगदी शेवटच्या शेतापासून. ज्याची पाळी संपेल त्यानं आपल्या शेताचं पाण्याचं दार स्वतःच्या हातानं बंद करायचं आणि दोन्ही भाषांतली फळी घेऊन दुसऱ्या गावातल्या पुढच्या घरी चालत जायचं. निरोप्या नाही, फोन नाही. दाराशी उभं राहून सांगायचं की आता तुमची पाळी. आणि फळीवर नुसतं पाणी नाही: शाळेची सभा, दवाखान्यातला डॉक्टरचा वार, लग्न, मयत, सगळं.

कुमारननं अक्कांच्या वहीतल्या यादीत पहिल्या नावावर बोट ठेवलं. "शेवटचं शेत माझ्या वडलांचं आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"वरच्या लोकांना हे कोण सांगणार? तोंडाशी ज्याचं शेत आहे तो पहिली पाळी सोडेल?"

"तोंडाचं शेत माझ्या थोरल्या भावाचं आहे," अक्का म्हणाल्या. "सांगणार मीच. त्याचं नाव मी यादीत दुसरं घातलंय. तुझे वडील फळी घेऊन त्याच्या दाराशी जातील."

अक्कांच्या त्या भावाचा मुलगा सैन्यात होता आणि युद्धातून परत आला नव्हता, हे आम्हाला ठाऊक होतं, कुमारनलाही असावं. अक्कांनी आपला कप बाजूला सारला. म्हणाल्या, शाक्य आणि कोलीय रोहिणी नदीच्या पाण्यावरून शस्त्रं घेऊन उभे राहिले तेव्हा बुद्ध मध्ये जाऊन उभा राहिला होता, आणि त्यानं एवढंच विचारलं होतं की पाणी मोलाचं की माणसं. "आम्ही रोज त्याच्यापुढे फुलं वाहतो आणि पाटाला कुलूप लावून ठेवतो."

भावाला त्यांनी आमच्याच खोलीतून फोन केला. सिंहली आम्हाला कळत नव्हतं, पण पलीकडचा आवाज आधी चढला आणि मग बंद झाला ते कळलं. अक्का फोनकडे पाहत म्हणाल्या, "ठेवला." त्यानंतर भाऊ त्यांच्याशी बोलेनासाच झाला. त्या रोज सकाळी फोन लावायच्या, तो उचलायचा नाही. अक्का वाळल्या. नारळाची आमटी करायच्या आणि आम्हाला वाढून स्वतः नुसता भात खायच्या. सगळ्या देशाला शहाणं करायला निघालेल्या बाईचा जीव एका भावासाठी टांगणीला लागला होता आणि आम्हाला काहीच करता येत नव्हतं.

फळी मात्र तयार होत होती. अक्कांनी हौसेनं देवदाराची आणली. डावीकडे सिंहली की तमिळ यावरून दोघांत अर्धा दिवस गेला. शेवटी ठरलं की एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरी, आणि चाप दोन्हीकडे. वरती काय रंगवायचं? कुमारनला वाटलं होतं, आता धर्मचक्र येणार. अक्कांनी ती जागा कोरी ठेवली. म्हणाल्या, "इथं हात धरायला जागा लागते." कुमारननं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना मॅडम न म्हणता अक्का म्हणाला. तमिळमध्येही थोरली बहीण अक्काच असते, आणि धाकटा भाऊ तंबी. अक्का काहीच न झाल्यासारखं दाखवून त्याला म्हणाल्या, "तंबी, शाई सांडशील." पण त्यांचा स्वतःचाच चहा सांडला.

मार्चमध्ये त्या परत गेल्या. विमानतळावर कुमारन आला होता. त्याचं शिक्षण अजून वर्षभर होतं, पण गावाला त्यानं लांबलचक पत्र लिहून दिलं होतं. अक्कांनी ते ब्लाउजमध्ये ठेवलं. सामानात जपानी रेनकोट, कुमारनच्या आईसाठी औषधं, आणि फळी. खवणी त्यांनी अनुजाला देऊन टाकली. सुरक्षातपासणीच्या रांगेत त्या वळल्या आणि मला ओरडून म्हणाल्या, "म्हातारीकडे जात जा!" मी जात होतो. अजून जातो.

मग बातम्या तुकड्यांनी आल्या. हंगामाआधीची सभा त्यांनी बुद्धविहारात न घेता तळ्याच्या बांधावर झाडाखाली घेतली, म्हणजे कुणालाच कुणाच्या अंगणात आल्यासारखं वाटू नये. विहारातले भिक्खू आधी रुसले, मग स्वतःच चटई घेऊन आले. नवं वर्ष सिंहली आणि तमिळ दोघांचं एकाच दिवशी असतं, एप्रिलच्या मध्याला. अक्कांनी सभेत एवढंच विचारलं म्हणे, की वर्ष एकाच दिवशी सुरू होतं तर पाणी का नाही? लोक हसले, आणि हसले म्हणजे अर्धं काम झालं. वेळापत्रक मान्य झालं. भिंतीचा कागद थांबला. पण अक्कांचा भाऊ सभेत मागे उभा राहिला आणि न बोलता निघून गेला. कागदावर मान्य होणं आणि दार उघडणं यांत किती अंतर असतं ते अक्कांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

पाणी सुटलं ते मेच्या सुरुवातीला, जपानमधल्या गोल्डन वीकच्या सुट्टीत. कुमारन सकाळीच आमच्याकडे आला. साडेनऊला अक्कांचा व्हिडिओ कॉल, तिकडचे सकाळचे सहा. चित्रात साडी खोचलेल्या अक्का, घोट्यापर्यंत चिखलात. फोन त्यांनी खाली धरला: कोरड्या सरीतून पाणी येत होतं, पुढे काडीकचरा, मागे पाणी, अगदी हळू, आणि मग एकदम शेतभर. बाजूला एक उंच, वाळलेला म्हातारा उभा होता. तो कुमारनचा बाप. त्यानं वाकून पाण्यात हात घातला आणि तो हात डोक्यावरून फिरवला. अक्का ओरडत होत्या, "मल्ली, पाय ओला झाला! अनुजा, बघ, पाय ओला झाला!" अनुजा रडत होती. मीही रडलो, त्यात लपवायचं काय? कुमारन मात्र दगडासारखा बसून होता. "संध्याकाळपर्यंत थांबा," तो म्हणाला. "दार ते बंद करतील का, ते बघायचंय. जन्मभर वाट पाहिलेलं पाणी आहे. मी असतो तर केलं नसतं."

दुपारभर आम्ही तिघं फोन मध्ये ठेवून बसलो. खिचडी कुणी धड खाल्ली नाही. साडेतीनच्या सुमाराला पुन्हा कॉल आला. अक्कांनी काही न बोलता फोन वळवला. म्हातारा शेताच्या तोंडाशी उकिडवा बसून फावड्यानं मातीचा बांध घालत होता. पाळी संपायला अजून थोडा वेळ होता असं अक्का हळूच म्हणाल्या. वेळ व्हायच्या आधीच त्यानं दार बंद केलं. हात धुतले, सदरा घातला, देवदाराची फळी काखोटीला मारली आणि चालू लागला. अक्का मागून निघाल्या. बराच वेळ आम्हाला नुसती वाट, त्यांच्या चपला आणि म्हाताऱ्याची पाठ दिसत होती. तो वरच्या गावाकडे तोंड करून चालला होता. कुमारन सोफ्यावरून उठून फोनजवळ जमिनीवर येऊन बसला.

मग एक अंगण, कुंपण आणि बंद दार. म्हातारा उभा राहिला. अक्का बाजूला सरल्या आणि त्यांनी हाक मारली नाही. ती त्याची पाळी होती. त्यानं कडी वाजवली. दार उघडायला वेळ लागला, किती ते मला सांगता येणार नाही. चित्र हलत होतं. दारात त्यांचा भाऊ. तसाच ठेंगणा, तसाच काटक. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी फळी पुढे केली आणि काहीतरी बोलला, एकच वाक्य नव्हे, चांगली चार-पाच वाक्यं. भावाच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं. त्यानं फळी घेतली, दुसऱ्या हातानं म्हाताऱ्याचा दंड धरला आणि त्याला आत घेतलं. दारातून त्यानं बहिणीकडे पाहिलं, त्या फोननंतर पहिल्यांदा, आणि तिलाही खुणेनं आत बोलावलं.

मी कुमारनला म्हटलं, "काय म्हणाले तुझे बाबा?"

"मला नाही कळलं," तो म्हणाला. मग फोनकडे बोट दाखवत तो हसायला लागला, डोळ्यांतून पाणी वाहत असताना हसत राहिला. "ते सिंहली बोलले. सलग बोलले. माझे बाबा सिंहली बोलतात हे मला माहीतच नव्हतं."

अक्का फोन बंद करायला विसरल्या होत्या. त्यांनी तो कशावर तरी उभा ठेवला होता, त्यामुळे आतलं थोडंसं दिसत होतं: दोन म्हातारे एका बाकावर, मध्ये फळी, आणि अक्का जमिनीवर बसलेल्या, मांडीवर कप, तळहातावर गुळाचा खडा, आणि अखंड बोलत असलेल्या. भाऊ मध्येच काहीतरी म्हणाला आणि त्यांनी मान मागे टाकून असं काही हसून घेतलं, की कप कलंडला आणि चहा बाकाखाली वाहत गेला. या वेळी त्या पुसायला उठल्या नाहीत. बसून राहिल्या, भावाकडे बघत.